कीबोर्डवरचं गोमूत्र

नेरला आमच्या घरी जुना कॉम्प्युटर आला तेव्हा बाबा कापूस खरेदी केंद्रावर कारकून होते. ती कापसाची वाईट वर्षं. गाड्यांची रांग पार डांबरी रस्त्यापर्यंत जायची, भाव ऐकून माणसं खवळायची आणि सगळ्यांचा राग बाबांवर निघायचा. घरी आले की ते कोणाशी बोलायचे नाहीत. घरात जोरात चालायचे ते फक्त आईचे नियम आणि माझ्या भावाचा गेम.

गेममध्ये देव होता. कोणता ते सांगत नाही, उगाच भांडण नको. हातात गदा, अंगानं पैलवान, आणि समोर एकामागून एक राक्षस. आईनं पहिल्याच दिवशी मॉनिटरला हळदकुंकू लावलं. आंघोळ करून, चप्पल काढूनच बसायचं. आणि माझे चार दिवस आले की मी मागच्या खोलीत चटईवर, वेगळं ताट घेऊन. कीबोर्डला बोट लावायचं नाही, कारण त्यात देव.

चौदा वर्षांची होते मी, आणि माझं डोकं फिरलं. नदीकाठचा राक्षस भावाला रोज झोडपायचा. दारातून मला ते दिसायचं, तो कुठं चुकतो तेही कळायचं. मला खेळायचं होतं. लपूनछपून नाही, आईच्या डोळ्यांदेखत. एक दिवस भर दुपारी, बाजूला बसलेली असताना, मी सरळ उठले आणि खुर्चीत जाऊन बसले.

बटण दाबलं आणि देव चालला. माझ्या बोटानं चालला. ज्या देव्हाऱ्याकडे मला त्या दिवसांत फिरकायची बंदी, तिथला देव मी म्हणेन तिकडे वळत होता. गदा फिरवली तर राक्षस गिरकी खाऊन पडला. अंगावर काटा आला माझ्या, इतकं भारी वाटलं. मग पुढे खड्डा आला आणि मी देवाला घेऊन त्यात पडले.

"ऊठ तिथून." आई मागे उभी होती. "देव हाय त्यात."

"देव आत्ताच मेला, आई. खड्ड्यात पडला. सुतक धरू काय आता?"

 आईनं मला दंडाला धरून उठवलं, गोमूत्राची बाटली आणली आणि शिंपडायचं सोडून कीबोर्डवर चक्क ओतली. उडी मारायचं बटण चिकटलं. संध्याकाळी भाऊ खेळायला बसला तर देव एकाच जागी उड्या मारतोय, थांबायचं नावच नाही.

"पाह्य, कोपला देव," आई मला म्हणाली. "तुह्यामुळं."

"माह्यामुळं काहून? मी बसली तवा बरा चालत होता. तू गोमूत्र टाकलं अन् बिघडला."

भाऊ फिसकन हसला. आईनं त्याला डोळे दाखवले. दुसऱ्या दिवशी मी कीबोर्ड गच्चीवर उन्हात उलटा ठेवला. वाळला, चालू झाला. पण माझं म्हणणं कोणी कबूल केलं नाही. मग मीही सांगून टाकलं, "पुढच्या टायमालेही बसीन. काय करायचं ते करा."

पुढच्या महिन्यात आई आणि मी एकदमच बाजूला बसलो. असं व्हायचं कधीकधी. बाबा सकाळी कच्चीपक्की खिचडी टाकून केंद्रावर गेले, भाऊ शिकवणीला. मी चटईवरून उठले तशी आईनं माझा हात धरला. झालं, म्हटलं, आता परत तेच. मी हात सोडवायला लागले.

"त्या दिवशी," आई हळूच म्हणाली, "तुले काही झालं काय?"

"कायचं?"

"देवाले हात लागला तं. काही झालं काय?"

"काहीच नाही झालं."

तिनं हात सोडला. माझ्या वयाची असल्यापासून ती दर महिन्याला अशी दाराच्या अलीकडे बसत आली होती, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी गेम लावला. देव गदा घेऊन उभा राहिला. मागे चटई सरकल्याचा आवाज झाला आणि आई पदराला हात पुसत खुर्चीजवळ आली.

"सरक जराशी," ती म्हणाली. "मारायचं बटण कोणतं हाय?"