समोर काढलेलं दूध

आई आजारी पडली आणि तिला जेवण जाईना. शेवटचे काही महिने ती जवळजवळ दुधावरच होती. ते दूध वडील रोज संध्याकाळी कट्ट्यावरून आणत. कोल्हापुरात कट्ट्यावर म्हशी आणून गिऱ्हाइकासमोर धार काढतात. पिशवीतल्या दुधावर वडिलांचा विश्वास नव्हता.

"कसलं दूध आणलंय?" आई विचारायची.

"समोर काढलंय. डोळ्यांनी बघून आणलंय."

"एकदा त्या म्हशीची नि माझी गाठ घालून द्या की," ती एकदा म्हणाली. ती त्या दिवशी बरी होती.

ती गेल्यानंतर काही आठवड्यांनी जनुकीय बदल केलेल्या अन्नाच्या लेबलाबद्दल माझी बातमी छापून आली. देशात अशा एकाच पिकाची अधिकृत लागवड मोठ्या प्रमाणावर होते, कापसाची. त्याच्या सरकीचं तेल माणसांच्या खाण्यात येतं आणि पेंड जनावरांच्या, असं एक वाक्य त्या बातमीत होतं. वडिलांनी त्यावर बोट ठेवलं.

"आपली म्हैस काय खाती?"

संध्याकाळी आम्ही दोघं कट्ट्यावर गेलो. गवळी उचगावचा, वडिलांच्या जुन्या ओळखीचा.

"सरकी पेंड, आण्णा. त्याबिगार दुधाला फॅट कुठनं लागायचं?"

"कसल्या कापसाची?"

गवळी हसला. "आता कापसाची कुंडली मागू व्हय दुकानदाराला? पोत्यावर तसलं काय लिवलेलं नसतंय."

वडील हसले नाहीत. त्या दिवशी त्यांनी दूध घेतलं नाही.

आईच्या डॉक्टरांना मी विचारलं. तिच्या आजाराशी दुधाचा संबंध नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी ते घरी सांगितलं.

"त्येनं झालं असं म्या म्हणतच न्हाय," वडील म्हणाले. "ती इचारायची. आणि म्या ठोकून सांगायचो, सगळं बघितलंय म्हणून." थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "गिऱ्हाइकाला कळाय पायजे, असा कायदा हाय न्हवं?"

मी सांगितलं ते असं. आपण काय विकत घेतो हे कळण्याचा हक्क ग्राहकाला कायद्यानं आहे. अशा अन्नाच्या लेबलाच्या नियमांचा मसुदा निघाला, पण ते नियम अजून लागू झालेले नाहीत. आणि जनावरानं काय खाल्लं, हे दुधावर लिहिण्याची सक्ती नाही.

"मग म्या इचारायचं कुणाला?"

बातमीत अशा जागी आम्ही संबंधितांशी संपर्क होऊ शकला नाही, असं लिहितो.

आता घरी पिशवीचं दूध येतं. त्या दुधाची म्हैसही सरकी पेंडच खात असणार, हे मी त्यांना एकदा सांगून पाहिलं.

"असंल," ते म्हणाले. "पण त्या दुधाबद्दल म्या कुणाला काय सांगितलेलं न्हाय."