घरटी एक बाई

आमच्या गावाकडं आवतनं दोन तऱ्हेची असतात. एक घरटी एक आणि दुसरं चूलबंद. घरटी एक म्हणजे प्रत्येक घरातून एकानं जायचं आणि साऱ्या घराच्या वतीनं जेवून यायचं. चूलबंद म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायचीच नाही. म्हाताऱ्याकोताऱ्या, पोरंबाळं, सगळ्यांनी ताट-तांब्या घेऊन निघायचं. मयतीला, सभेला, ओढा साफ करायला घरटी एक. हात मोकळा असलेल्याच्या घरी लग्न असलं तर चूलबंद. या रीतीचा कधी राग येईल असं मला वाटलं नव्हतं. आता येतो. दारात आवतन घेऊन कुणी आलं की आधी माझं डोकं फिरतं.

मी गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरवरच्या एका संशोधनात गावोगाव फिरायचं काम करते. तीस ते पासष्ट वयाच्या बाईला एक नळी आणि मऊ ब्रश द्यायचा. तिनं आडोशाला जाऊन आपला नमुना आपणच घ्यायचा, ब्रश नळीत घालून आमच्या हातात द्यायचा. डॉक्टरसमोर टेबलावर आडवं पडायचं नाही, की लाजेनं मरायचं नाही. त्या नमुन्यात विषाणू आहे का, हे कलबुर्गीला तपासतात. हा विषाणू कॅन्सर व्हायच्या कितीतरी वर्षं आधीपासून अंगात मुक्काम ठोकून असतो, म्हणून वेळेत कळलं तर बाई वाचते. आमच्या भागातल्या बाया हे आपल्या हातानं करतील का, एवढंच संशोधनाला बघायचं होतं. मी पहिल्याच बैठकीत सांगितलं, करतील. बायांची मला काळजी नव्हतीच.

कामाचा एक नियम होता, की आपल्या गावात आपण जायचं नाही. ओळखीच्या बायका ओळखीच्या माणसापुढं जास्त लाजतात म्हणे. त्यामुळं मला बसवकल्याणकडचं राजेश्वर मिळालं आणि माझं सासर खजुरी कलबुर्गीच्या एका पोरीला. पोरगी चांगली, कष्टाळू, पण कानडी बोलणारी, सीमेवरच्या आमच्या गावांतली मराठी तिला चार शब्दांच्या पुढं येत नव्हती. नवऱ्याच्या नोकरीमुळं आम्ही दोघं बसवकल्याणला राहतो. माझी मुलगी मात्र खजुरीतच, अक्काजवळ. अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. तिची मुलगी आणि माझी एकाच वर्गात, एकाच ताटात जेवणाऱ्या, त्यांना वेगळं करायचा विषयच नव्हता. माझी पोरगी ताप आला की मला नाही, अक्काला हाक मारते. सुरुवातीला मला ते लागायचं. नंतर बरंच वाटायला लागलं.

राजेश्वरात नळ्या भराभर परत आल्या. एवढ्या भराभर की मला शंका यायला हवी तशी आली. एका अंगणात एक बाई सुपात तुरीची डाळ पाखडत बसली होती. मी तिला म्हटलं, तुमचा नमुना राहिलाय.

"आमच्या घरातनं झालंय की," ती म्हणाली. "सासूबाईनं दिलंय."

"त्यांचं झालं हो. तुमचं कुठं झालं?"

"आता परत कामून? घरटी एक बाई म्हनले न्हाईत व्हय स्पीकरवर?"

शेजारच्या घरी तेच, त्याच्या शेजारीही तेच. कुणी सासूला पाठवलं होतं, कुणी माहेरी येऊन राहिलेल्या नणंदेला. जिच्या हाताला काम नव्हतं ती गेली होती. म्हणजे जिला अंगमेहनत होती, बाळंतपणं होती, जिच्या ओटीपोटात दुखत होतं ती नेमकी घरी आणि रानात. देवळाच्या स्पीकरवरून पुकारा देणाऱ्याला आमच्या ऑफिसनं सांगितलं होतं, घरोघरच्या बायांना बोलवा. त्यानं आयुष्यभर ज्या शब्दांत बोलावलं त्याच शब्दांत बोलावलं. त्याचंही काही चुकलं नव्हतं. चुकलं नव्हतं कुणाचंच, आणि म्हणूनच जास्त चीड यायची, कारण भांडायचं कुणाशी?

मी ऑफिसात जाऊन सांगितलं. आमचे साहेब बेंगळुरूकडचे. त्यांच्या भिंतीवर गावांचा नकाशा होता आणि त्यात प्रत्येक घर हिरवं केलेलं होतं. एकही घर सुटलं नाही, म्हणून ते खूश होते. मी म्हटलं, सर, घराला कॅन्सर होत नाही, बाईला होतो. ते हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, पुन्हा फेरी करायची तर वरून परवानगी लागेल, एकदा ठरलेली पद्धत मध्येच बदलता येत नाही. मी विचारलं, पद्धतच चुकलीय हे कळल्यावरही? तेव्हा त्यांनी मला चहा मागवला. तो चहा तसाच ठेवून मी उठले.

बाहेर येऊन मी खजुरीला फोन लावला. अक्कानं उचलला.

"आपल्या घरातनं नमुना कुणी दिला?"

"आत्याबाईनं. मी रानात होते, रास चालू होती."

"म्हणजे तुम्ही दिलाच नाही?"

"घरातनं एक जन गेलं की बास झालं की." मागून आत्याबाईंचा, म्हणजे आमच्या सासूबाईंचा, आवाज आला, "आपल्या घराचं चांगलं आलंय म्हनाव तिला!"

रविवारी मी गावी गेले. परसात दोरीवर जुन्या लुगड्याचे तुकडे वाळत होते, वरून साडी पसरून झाकलेले. पोरी शाळेतले पॅड वापरतात, आणि अक्काची पाळी तर वर्षभरापूर्वीच गेली होती. मी तिला चुलीजवळ गाठून विचारलं. ती आधी भाकरीच थापत राहिली.

"परत अंगावरून जायलंय," ती म्हणाली. "कंबर बी लई धरायलीय. वय झालंय, दुसरं काय."

"वय झाल्यावर ते बंद होतं अक्का, चालू होत नाही. उद्या कलबुर्गीला चला."

"उद्या? तुला काय होतंय बोलायला. घर कोन बघंल?"

थोरले दीर ओट्यावर बसले होते. त्यांनी तिथूनच सांगितलं, रिपोर्ट चांगला आलाय की. आत्याबाई म्हणाल्या, "मी दिलंय न्हवं? मी जाऊन आलेय की घरासाठी. तिथं त्या पोरीपुढं लुगडं सावरत आत जायाचं, काय कमी लाज वाटली व्हय मला?" त्यांना खरंच वाटत होतं, की त्यांनी सगळ्यांच्या वाटचं सोसलंय. मी ओरडले. म्हटलं, तुमच्या पोटाचा रिपोर्ट तिच्या पोटाला कसा चालेल, तुम्ही जेवलात तर तिचं पोट भरतं का? आत्याबाई गप्प झाल्या. माझा मुद्दा पटला म्हणून नव्हे, धाकटी सून ओरडली म्हणून. आणि खरं सांगायचं तर आमच्याकडं एकजण जेवून आला की घराचं जेवण झालं असंच धरतात.

त्यानंतरचे महिने मी फोनवर घालवले. तुरीची रास झाली की येते. हरभरा निघाला की येते. नणंदेच्या पोराची सोयरीक झाली की येते. मध्ये एकदा मी जीप घेऊन दारात गेले तर अक्का शेजारणीच्या पापडाला निघून गेलेली. मुद्दाम. मला तिचा इतका राग आला की मी तिथंच रडले, आणि रडले म्हणून परत स्वतःचाच राग आला. जी बाई माझी पोरगी सांभाळते तिला मी हाताला धरून एका दवाखान्यात नेऊ शकत नव्हते. जगाला तपासणी शिकवत फिरत होते.

शेवटी दुसऱ्या फेरीची परवानगी आली. या वेळी मी साहेबांना स्पष्ट सांगितलं, नियम काही असो, खजुरीत मी जाणार. गेल्या गेल्या पुकारा देणाऱ्या अण्णाला गाठलं.

"अण्णा, या खेपेला चूलबंद म्हणा."

तो बघतच राहिला. "चूलबंद? जेवायला काय हाय मग?"

"जेवायला काही नाही. तपासणी आहे."

"तपासनीला कुनी चूलबंद देतंय व्हय, बाई?"

"मी देतेय. म्हणा तुम्ही."

त्यानं म्हटलं. तीस ते पासष्ट वयाच्या साऱ्या बायांना चूलबंद आवतन. आणि काय सांगू, अंगणवाडीपुढं जत्रा लोटली. दोन-चार पोरं ताट-तांब्या घेऊन आली आणि हिरमुसून परत गेली. एका म्हातारीनं मला तोंडावर सुनावलं, निदान बुंदी तरी वाटायची होती. पण बाया आल्या. सासवा, सुना, जावा, एकमेकींच्या पाठोपाठ आत गेल्या आणि तोंडाला पदर लावून हसत बाहेर आल्या. आवतन चूलबंद असताना घरी थांबणं म्हणजे बोलावणाऱ्याचा मान मोडणं, त्यामुळं अक्कालाही थांबता येईना. आत्याबाईंनी स्वतः दाराला कुलूप घातलं आणि तिला पुढं घालून आणलं. एक शब्द बदलला होता फक्त. तो आधीच बदलला असता तर, हा विचार मी त्या दिवशी गर्दीत दाबून टाकला.

अक्काच्या नमुन्यात विषाणू निघाला. आता मात्र घरात कुणी वाद घातला नाही. कलबुर्गीच्या दवाखान्यात अक्का, आत्याबाई आणि मी, तिघी गेलो. तपासलं, तुकडा काढून पाठवला, आठवड्यानं पुन्हा बोलावलं. डॉक्टरीणबाई कानडीत बोलत होत्या, मी अक्काला मराठीत सांगत होते. कॅन्सर आहे. पुढं सरकलाय, आता ऑपरेशन करता येणार नाही, किरणांचा शेक द्यावा लागेल. मी हे सांगितलं तेव्हा अक्कानं फक्त विचारलं, शेक घेऊन त्याच दिवशी घरी जाता येतं का.

मग डॉक्टरीणबाईंनी कागद चाळत विचारलं, तुमच्या गावात मागच्या वर्षीच तपासणी झाली होती ना, तेव्हा का नाही दिला नमुना? तेव्हा सापडलं असतं तर एवढं वाढलं नसतं.

हे मी मराठीत आणलं नाही. माझं धाडस झालं नाही. पण आत्याबाईंना बाजारापुरती कानडी येते आणि तेवढी कानडी या प्रश्नाला पुरली. माझ्या आधी त्याच बोलल्या.

"दिला होता," त्या म्हणाल्या. "मी दिला होता."

मला त्यांच्यावर चिडायचं होतं. किती महिने मी तो राग जपून ठेवला होता. पण आत्याबाई खुर्चीच्या कडेवर दोन्ही हातांनी पिशवी धरून बसल्या होत्या आणि राग कुठं ठेवावा ते मला कळेना.

अक्काचा शेक चालू असतानाच गावच्या शाळेत मुलींना याच विषाणूची लस द्यायला पथक आलं. हाच रोग पुढं होऊ नये म्हणून चौदा वर्षांच्या मुलींना ती देतात. मी कलबुर्गीत अक्काजवळ होते. शाळेतून बाईंनी मला फोन केला, तुमच्या सासूबाई आल्यात, जरा बोला.

आत्याबाई दोन्ही नातींची मनगटं धरून रांगेत सगळ्यांत पुढं उभ्या होत्या. पथकातली नर्स त्यांना समजावत होती, आजी, एकेकीला सोडा, एका वेळी एकच. आणि त्या सोडायला तयार नव्हत्या. फोनवर मला त्यांचा आवाज ऐकू आला, चढलेला, भांडणाचा.

"एक न्हाई! दोघीला बी द्या. घरटी एक चालत न्हाई ह्येला!"

नर्स म्हणत होती, दोघींनाही मिळणारच आहे हो आजी. त्यांना ते ऐकूच जात नव्हतं.

मला बरं वाटायला हवं होतं. पण मला पुन्हा चीड आली, इतकी की मी फोन कानापासून लांब धरला. शेजारी खाटेवर अक्का डोळे मिटून पडली होती. तिनं विचारलं, "आत्याबाई कामून ओरडायल्यात?"

"पोरींना लस द्यायलेत," मी म्हटलं.

"दोघीला बी?"

"व्हय. दोघीला बी."

"मग बरं झालं," अक्का म्हणाली, आणि कूस बदलली.