म्हशीच्या डोणीतला पाऊस

“आदी रिकामं हुतं न्हवं?”

कुणाच्याही परड्यात शिरल्यावर बाईंचा हा पहिला प्रश्न असे. नमस्कारसुद्धा नंतर.

आमच्या कोल्हापूरच्या ऑफिसात त्या अभियंता होत्या, मी आरेखक. ओढ्यावरचा पूल किती मोठा बांधायचा हे ठरवायला, तिथं एका दिवसात जास्तीत जास्त किती पाऊस पडू शकतो ते कळावं लागतं. पश्चिमेकडच्या डोंगरातल्या बऱ्याच वाड्यांत पर्जन्यमापकच नव्हते. मग साहेब तालुक्याच्या गावचा आकडा घ्यायला सांगत. मध्ये अख्खा डोंगर आहे, हे नकाशात दिसे, साहेबांना दिसत नसे.

जोराचा पाऊस ओसरला की बाई माझ्या मोटारसायकलवर मागे बसून निघत आणि लोकांच्या उघड्यावर राहिलेल्या बादल्या, पिंपं, जनावरांना पाणी पाजायच्या डोणी यांत साचलेलं पाणी पट्टीनं मोजत. पागोळ्या आत पडत नव्हत्या ना, जनावरानं तोंड घातलं नाही ना, सगळं विचारून वहीत लिहीत. तुम्हाला हसू येईल. आम्हीही हसायचो.

एका वाडीत म्हशीच्या दगडी डोणीत निघालेला आकडा तालुक्याच्या दुप्पट होता. बाईंनी तो तिथल्या पुलाच्या फाइलीत घातला. आठवड्यानं साहेबांचा शेरा आला, ‘सदर डोणीचा प्रमाणपत्र क्रमांक कळवावा.’

बाईंनी खाली लिहिलं, ‘प्रमाणपत्र नाही. म्हैस हजर करता येईल.’

साहेब महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. तालुक्याच्याच आकड्यावर मोठ्या पुलाऐवजी दोन नळ्यांची मोरी झाली आणि पुढच्याच पावसाळ्यात वाहून गेली. वाडी तुटली. डेअरीला जाणारं दूध लोकांनी ओढ्याकाठी ओतून दिलं. बाई दुसऱ्याच दिवशी कमरेएवढ्या पाण्यातून पलीकडे गेल्या आणि तीच डोण पुन्हा मोजून आल्या.

चौकशी लागली. साहेब स्वतः बाईंच्या टेबलापाशी आले, नवा आकडा मागून घेतला. अहवालात तो ठळक अक्षरांत आला: एवढा पाऊस अनपेक्षित, सबब कुणीही दोषी नाही. या वेळी प्रमाणपत्राची आठवण कुणालाच झाली नाही.

वाईट वाटलं का, असं मी विचारलं.

“आकडा कागदावर आला की,” त्या म्हणाल्या. “आता पूल मोठा हुईल.”

आणि झाला.

बाई निवृत्त होऊन कागलला बहिणीकडे राहायला गेल्या. आता ऑफिसात सगळ्या वाड्यांचा पाऊस पडद्यावर रंगांत दिसतो. परवा डोंगरावर लालभडक डाग उमटला. दुपारी उघडीप झाली. जाऊन बघावं असं माझ्या मनात आलं, पण ‘चला’ म्हणणारं कुणी नव्हतं.

मी चहा मागवला.