प्रवाळाला खळ

मी जीवशास्त्राचा प्राध्यापक असताना माझ्याच घरी एक प्राणी उपासमारीने मरणाला टेकला होता.

प्राणी आमच्या विभागप्रमुखांचा. सरांनी खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीत एक मऊ प्रवाळ मुंबईहून जिवापाड जपत आणलं होतं. पसरलेल्या बोटांच्या पंजासारखं, पाण्यात डुलणारं. मे महिन्यात सर आठ दिवस गावाला निघाले आणि टाकी महाल भागातल्या आमच्या घरी आली. माझी नोकरी कायम करण्याचा शेरा त्यांनीच लिहायचा होता. म्हणाले असते तर मी त्यांचा हत्तीही सांभाळला असता!

"दिवसभर ट्यूबलाइट चालू ठेवा. बाकी काही करू नका," सर म्हणाले.

पण मी पडलो शहाणा! नागपूरचा मे, त्यात डोक्यावर ट्यूब? मी ती बंद केली, खिडक्या लावल्या, वाळ्याचे पडदे सोडले. खोलीत असा गारेगार अंधार केला, की मलाच टाकीत उतरावंसं वाटलं.

चौथ्या दिवशी प्रवाळ मलूल होऊन आडवं झालं.

आई कळवळली. "काहून सुकून राहिलं रे हे? खायले काय देते तू त्याले?"

"काहीच नाही."

"बापा! पाहुना चार दिवसांचा उपाशी?" आणि तिने पोह्यांचा चुरा टाकलासुद्धा. (वर चिमूटभर साखर. पाहुण्याला फिकं कसं द्यायचं?)

बाबांचा जन्म हातमागावर गेलेला. त्यांनी चष्मा पुसून निदान केलं, "याले भूक नाही वं, हे ढिलं पडलं. ढिल्या सुताले काय लागते? खळ!"

सुताला ताठपणा यावा म्हणून लावतात, ती पिठाची खळ. मी बाबांना अडवायला हवं होतं. पण प्रवाळ पाण्यातले बारीक कण पकडून खातं, असं मी वाचलेलं. पीठ म्हणजे बारीक कणच की! म्हटलं, "थोडीशीच टाका." बाबांचं थोडंसं म्हणजे एका नऊवारीच्या ताण्याला पुरेल एवढं.

दुसऱ्या दिवशी टाकीत ताक झालं होतं. वर फेस, खाली आंबूस वास, आणि दारात सर! तीन दिवस आधीच!

"प्रवाळ कुठाय?"

"आत आहे, सर." (खोटं नव्हतं. दिसत नव्हतं, एवढंच.)

सरांनी बाह्या सरसावल्या, पाणी बदललं, ट्यूब लावली. मग माझ्याकडे वळले. "अहो, याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडात अन्न करतं, त्यावर हे जगतं. पाण्यातले कण नुसते तोंडी लावायला! तुम्ही याची चूलच विझवलीत!"

वनस्पती उजेडात अन्न करतात, हे मी तीन वर्षं वर्गात शिकवत होतो. आकृतीसकट! लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिसऱ्या दिवशी प्रवाळाने एक बोट उघडलं आणि माझा जीव भांड्यात पडला. सरांनी शेरा लिहिला: 'शिकवण्यास योग्य. सजीव वस्तू ताब्यात देऊ नये.' नोकरी कायम झाली!

पुढच्या वर्षी मला मुलगी सांगून आली. तिचे वडील माझी चौकशी करायला नेमके सरांकडे गेले. सर काय बोलले, मला कळलं नाही. पण लग्नानंतर पाठवणीच्या वेळी सासरे डोळे पुसत मला म्हणाले, "जावईबापू, पोरीले उजेडात ठेवजा!"