टपावरची टाकी

आमच्या वॉशरकाकांनी बेचाळीस वर्षं लोकांच्या घरांत नळ बसवले आणि तेवढीच वर्षं स्वतःची चूक कबूल न करण्याचा नेम पाळला. नळ गळला तर दोष वॉशरचा, पाइपचा, फार तर पाण्याचा. निवृत्त झाल्यावर त्यांनी राहतं घर भाड्याने दिलं, एक जुनी बोट घेतली आणि काकूला घेऊन धक्क्यावर राहायला गेले.

बोटीत सगळं होतं, फक्त धड नळ नव्हता. ओट्याखाली पायाने दाबायचा पंप होता. दहा वेळा दाबला की भांडंभर पाणी यायचं. काकूचा गुडघा आधीच कुरकुरणारा, महिन्याभरात तो टम्म सुजला. तेव्हा तिने अगदी शांतपणे सांगितलं, "आठ दिवसांत नळ झाला नाही, तर मी बहिणीकडे राहायला जाते. तुम्ही इथेच राहा, हवा चांगली आहे."

काकू बोलते ते करते. काकांचं धाबं दणाणलं. शेजारच्या बोटीवरचा म्हातारा मेकॅनिक म्हणाला, पलंगाखाली टाकी ठेवा, एक छोटा विजेचा पंप लावा, बोटीत सगळे तसंच करतात. झालं! नळवाल्याला मेकॅनिकने शिकवायचं म्हणजे काय? काकांचा हिशोब सरळ होता: टाकी गच्चीवर, नळ खाली, पाणी आपोआप येतं. बोटीला गच्ची नव्हती, पण केबिनचा टप होता. टपाच्या मधोमध उजेडाची खिडकी होती, म्हणून दोनशे लिटरची टाकी उजव्या कडेला, ओट्याच्या बरोबर वर बसली.

सातव्या दिवशी टाकी भरली आणि नळाला धो धो पाणी आलं. मी, म्हणजे त्यांची पुतणी, मदतीला गेले होते. काकू माझ्याकडे बघून चक्क हसली. इतक्यात ओट्यावरचा कांदा घरंगळत जाऊन भिंतीला टेकला. मागोमाग वाटी गेली.

ही बोट पहिल्यापासूनच जराशी कललेली आहे, असं काकांनी जाहीर केलं. मग गुपचूप हत्यारांची पेटी डावीकडे नेली. नांगराची साखळी नेली. मेकॅनिकला चहाला बोलावून डावीकडे बसवलं. शेवटी काकूला म्हणाले, तू डाव्या बाकावरच बसत जा, तिथे उजेड बरा येतो. ती बसली की बोट सरळ, उठून नळापाशी गेली की पुन्हा कांदा चालू लागायचा. थोडक्यात, नळ होता, पण काकूने त्याच्याजवळ जायचं नव्हतं.

आठव्या दिवशी सकाळी तिने बॅग भरली. धक्का डाव्या बाजूला. तिने एक पाय धक्क्यावर ठेवला, मग दुसरा, आणि बोट उजवीकडे अशी कलली की सगळी भांडी एका दमात खाली आली. काका दाराची चौकट घट्ट धरून उभे. मला हसूही आवरेना आणि भीतीही वाटत होती, खोटं कशाला बोलू?

मी हात पुढे केला, पण काका माझ्याकडे बघेनात. ते काकूकडे बघत होते.

"जाऊ नकोस," ते म्हणाले. मग एकदा वर टपाकडे बघितलं. "चुकलं माझं."

काकूने बॅग खाली ठेवली. ती आत आली आणि डाव्या बाकावर जाऊन बसली.

"टाकी खाली येईपर्यंत मी इथून हलणार नाही," ती म्हणाली. "स्वयंपाक आणि भांडी तुमच्याकडे."

मेकॅनिकने निम्मी टाकी रिकामी करवली आणि पंप यायला आठवडा लागेल म्हणून सांगितलं. काका मुकाट्याने भांडी घासू लागले. पंप खरं तर मेकॅनिकच्या बोटीत तयारच पडला होता, काकूनेच त्याला दम धरायला सांगितलं होतं. इतक्या वर्षांच्या संसारात तिला आयता चहा पहिल्यांदाच हातात मिळत होता.

"त्यांना सांगू नकोस हं," ती माझ्या कानात म्हणाली. "मला इथे आवडायला लागलंय."