राजपुत्राच्या आईची पानं

थोरला भाऊ घर सोडून गेला तेव्हा मी आठवीत होते. चौऱ्याण्णव-पंच्याण्णवचा सुमार असेल. तो दहावीला गणितात दुसऱ्यांदा नापास झाला होता. वडलांना आम्ही आण्णा म्हणायचो. ते त्या दिवशी खळ्यावर, चार पाहुण्यांदेखत, त्याला बोलले. मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं आई पुढे कितीदा तरी म्हणाली. आण्णा एवढंच म्हणाले की, चित्रांची पुस्तकं वाचून ज्याचं पोट भरतं त्याला माझ्या घरात जेवायचं काय काम. भाऊ त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एस.टी.ने घोडेगावला गेला, आणि तिथून पुढे कुठे गेला ते पाच वर्षं आम्हाला कळलं नाही.

त्याची पत्र्याची पेटी तेवढी मागे राहिली. तिच्यात शाळेची दोन पुस्तकं होती, आणि बाकी सगळी कॉमिक्स. एकाच मालिकेची तीसेक तरी असतील. हिंदीत होती. घोडेगावच्या एस.टी. स्टँडजवळ एक टपरी होती, तिथे दोरीवर चिमटे लावून ती टांगलेली असायची, आणि भाऊ जुनी झालेली तिथूनच मिळवायचा. गोष्ट एका राजपुत्राची होती. तो ससाण्यांशी बोलायचा, त्याच्या तलवारीतून वारा सुटायचा, आणि एका चेटकिणीचा त्याला शाप होता: ज्या माणसांवर त्याचा जीव आहे, ती माणसं त्याचा चेहरा विसरतील. म्हणजे तो घरी गेला तरी परकाच.

भाऊ गेल्यावर महिना-दीड महिना आई त्या पेटीजवळ गेली नाही. मग एका रविवारी आम्ही दोघी बराखीतला, म्हणजे साठवणीच्या चाळीतला, कांदा निवडत बसलो होतो. साठवलेला कांदा पावसाळ्यात आतून सडतो, तो दर आठवड्याला वेचून बाजूला काढावा लागतो. त्या वासाने डोकं जड व्हायचं. आई मध्येच म्हणाली, "त्यो एवढं काय वाचायचा, ते मला वाचून दाव."

आईला अक्षरओळख नव्हती. मी पेटीतून पहिला अंक आणला आणि हिंदीचं जमेल तसं मराठी करत वाचू लागले. मग ते रोजचंच झालं. शाळेतून आले की अभ्यासाआधी आईला दहा-बारा पानं. तिचे हात चालू असायचे, मान खाली. लढाया आल्या की ती म्हणायची, "हे राहू दे, फुडं चल." ससाण्यांचं तिला कौतुक नव्हतं. तिला घरातली माणसं हवी असायची. राणी काय म्हणाली, धाकट्या बहिणीचं काय झालं, राजाचा राग अजून तसाच का.

सातव्या का आठव्या अंकात तो प्रसंग आला. राजपुत्र कित्येक वर्षांनी घरी येतो. राणी, म्हणजे त्याची आई, दार उघडते. शापामुळे तिला तो ओळखू येत नाही. वाटसरू समजून ती त्याला आत घेते, पाय धुवायला पाणी देते, ताट वाढते. जेवताना विचारते, पाहुणे, तुमचं गाव कोणतं, आई आहे का घरी. तो म्हणतो, आहे, पण तिला मी आठवत नाही. राणी म्हणते, अशी कशी ती आई. मग तो हात धुतो, पाया पडतो आणि निघून जातो. शेवटच्या चौकटीत बंद दार आणि त्याची पाठ.

हे मी मनात आधी वाचलं आणि थांबले. आई म्हणाली, "का थांबलीस? वळाखलं का तिनं?"

मी म्हणाले, "व्हय. वळाखलं."

"कशावरनं?"

"जेवायच्या पद्धतीवरनं," मी म्हणाले. आमचा भाऊ भाकरीचा पापुद्रा आधी सोलून खायचा, ते मला त्या क्षणी सुचलं. आईने मान हलवली आणि पुढे काही विचारलं नाही.

एकदा खोटं सांगितल्यावर ते निभवावं लागलं. पुढच्या अंकांत राणी त्याला ओळखत नव्हतीच, उलट एकदा त्याला चोर समजून शिपायांच्या हवाली करते. त्याची बहीण तर रिंगणात त्याच्यावर भाला उगारते, आणि तो तिला लागू नये म्हणून स्वतःचं शस्त्र टाकून देतो. हे सगळं मला फिरवून सांगावं लागायचं. शिपाई दुसऱ्याच कुणाला धरतात, बहीण मुद्दाम भांडल्याचं सोंग करते, असं काहीबाही. काल काय सांगितलं ते आज लक्षात ठेवायचं. पेटीतले अंक संपले तेव्हा मी घोडेगावच्या शाळेतून मधल्या सुट्टीत त्या टपरीवर जाऊन पुढचे आणू लागले, आणि परतीच्या बसमध्ये उभ्याउभ्या वाचून ठेवायचे, घरी गेल्यावर काय बदलायचं ते ठरवायला. तेरा-चौदा वर्षांची मुलगी मी. बसमध्ये मैत्रिणी हसत-खिदळत असायच्या आणि मी एका खोट्या घराचा संसार चालवत होते. अंगात ताप असल्यासारखी दमून जायचे.

असं वर्षभर चाललं. मग एक दिवस मी वाचत असताना आईने माझ्या हातातलं पुस्तक ओढून घेतलं आणि पानावर बोट ठेवलं. त्या पानावर राणी खिडकीत उभी होती आणि खाली अंगणात राजपुत्राला साखळदंड घालून नेत होते. मी नुकतंच सांगितलं होतं की राणी त्याला निरोप देते आहे.

आई म्हणाली, "मला अक्षर येत न्हाई. चित्रं दिसत्यात की."

मी पुस्तक मिटायला हात पुढे केला. तिने बोट काढलं नाही.

"पहिल्यापासून दिसत्यात. दार लावून घेतलं तिनं, ते बी दिसलं व्हतं."

मी विचारलं, मग बोलली का नाहीस. ती म्हणाली, "तू एवढ्या जिवानं सांगत व्हतीस." मग पुस्तक माझ्याकडे देत म्हणाली, "आता हाय तसं वाच. मला कळू दे."

त्या दिवशी मी रडले. आई रडली नाही. आम्ही पुन्हा पहिल्या अंकापासून सुरुवात केली. राणी ताट वाढते ते पान आलं तेव्हा आईने मला ते सावकाश दोनदा वाचायला लावलं. अशी कशी ती आई, या वाक्याशी तिने डोळे मिटून घेतले. तेवढंच.

आण्णा हे सगळं ऐकायचे. ते पडवीत पाठ करून दोर वळत बसायचे आणि आमच्याकडे लक्ष नाही असं दाखवायचे. भाऊ गेल्यापासून त्यांनी त्याचं नाव काढलं नव्हतं. आई त्यांच्याशी कामापुरतं बोलायची: पाणी सोडलं का, गाय व्यायला झाली, असं. घरात भांडण नव्हतं. भांडायला अंगात बळ लागतं, ते कुणाच्यात उरलं नव्हतं.

एका अंकात राजा अंथरुणाला खिळलेला असतो. राजपुत्र वैद्याच्या वेशात त्याच्याजवळ बसतो. राजा त्याला ओळखत नाही, पण मनातलं सांगतो. म्हणतो, माझा एक मुलगा होता. मी त्याला चारचौघांत घालवून दिलं. तो आला तर त्याला सांगा, मी दाराला कडी लावली नव्हती.

मी हे वाचलं आणि माझ्या लक्षात आलं की पडवीतला दोर वळायचा आवाज थांबला आहे. आण्णा उठून गोठ्यात गेले. बराच वेळ तिकडेच होते. परत आले तेव्हा आईला, भिंतीकडे बघत, विचारलं, "मग काय झालं त्या राजाचं?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, मेला. वैद्यच आपला मुलगा हे त्याला कळलंच नाही.

आण्णा म्हणाले, "असं व्हय," आणि पुन्हा दोर हातात घेतला.

त्यानंतर आण्णा दर आठवड्याला बेल्ह्याच्या बैलबाजाराला जाऊ लागले. आमच्याकडे विकायला जनावर नव्हतं आणि घ्यायची ऐपतही नव्हती. आईला वाटलं, वेळ घालवायला जात असतील. ते तिथे काय करत होते हे आम्हाला फार उशिरा कळलं. लांबलांबून व्यापारी टेम्पो घेऊन यायचे, त्या प्रत्येकाला ते गाठायचे आणि विचारायचे: आमच्या गावचा असा असा एक पोरगा, उंच, डाव्या भुवईत खोक, चित्रं बरी काढतो. बाजारातली माणसं त्यांना हसू लागली होती म्हणे. तरी ते दोन वर्षं जात राहिले. शेवटी नाशकाकडच्या एका व्यापाऱ्याने सांगितलं की त्याच्या टेम्पोच्या मागची वेलबुट्टी ज्याने काढली तो मुलगा घोडेगावकडचाच आहे, तिकडे गाड्या रंगवायच्या एका शेडवर असतो.

आण्णा आम्हाला न सांगता गेले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी एकटेच परतले. आईने पाणी दिलं. ते प्यायले आणि म्हणाले, "हाय. बरा हाय." आई तिथेच समोर बसली. मग तुकड्यातुकड्यांनी त्यांनी सांगितलं. भाऊ शिडीवर उभा होता, हाताला निळा रंग. आण्णांना पाहून खाली उतरला. दोघं चहाच्या गाड्यावर गेले. भावाने विचारलं, आई कशी आहे. आण्णांनी सांगितलं, बरी आहे. मग बसची वेळ झाली.

"घरी चल म्हनला न्हाईत?" आईने विचारलं.

आण्णांनी रिकामा तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, "त्या राजाचं बोलनं वाटंनं पाठ करीत गेलो व्हतो. कडी लावली नव्हती, म्हनून. तोंडातनं आलंच न्हाई."

माझ्या वडलांना मी आयुष्यात तेवढं एकदाच आतून पाहिलं. तेव्हा मला त्यांची दया आली नाही. तेवढी मी मोठी नव्हते. आता मी त्यांच्या त्या वेळच्या वयाला पोचले आहे, शाळेत शिकवते, आणि एखाद्या मुलाला वर्गासमोर रागवायची वेळ आली की त्याला बाहेर बोलावून घेते.

भाऊ पुढच्या वर्षी आला, दिवाळी होऊन गेल्यावर. तोवर आमच्या आळीत केबल आली होती आणि टपरीवाल्याने कॉमिक्स ठेवणं बंद केलं होतं. मालिका मध्येच थांबली. शाप उतरला की नाही ते छापलंच गेलं नाही, की छापलं गेलं आणि आमच्यापर्यंत आलं नाही, कोण जाणे.

आई विहिरीवर धुणं धूत होती. बांधावरून कुणी येताना दिसलं आणि चेहरा दिसायच्या आधीच तिने पिळा खाली ठेवला. चालीवरूनच ओळखलं. मिठी नाही की हंबरडा नाही. जवळ आल्यावर तिने विचारलं, "जेवलास का?" तो नाही म्हणाला. तिने हात पुसले आणि पुढे झाली.

तो दोन दिवस राहिला. मिशी आली होती, आवाज जाड झाला होता. जेवताना पिशवी मांडीशेजारी ठेवून बसायचा, पाहुणा बसतो तसा. आण्णांनी त्याला शेतातली नवी पाइपलाइन दाखवली. त्याने ती नीट पाहिली, दोन प्रश्न विचारले. आम्ही सगळे एकमेकांना ओळखत होतो आणि कुणाला काय बोलावं ते सुचत नव्हतं. चेटकिणीची गरजच पडली नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याची पेटी काढून दिली. तो हरखला. अंक चाळू लागला, ससाण्यांची चित्रं बघून म्हणाला, यातूनच माझा हात बसला. मी त्याला राणीने ताट वाढलेलं पान उघडून दिलं आणि विचारलं की हे वाचताना तुला काय वाटायचं. इतकी वर्षं मी ते विचारायचं ठरवून ठेवलं होतं.

त्याने पान पाहिलं, आठवत नसल्यासारखं. "ही पानं मी सोडून द्यायचो," तो म्हणाला. "रडारड असायची नुसती. फुडं लढाई असायची ना."

आई चुलीपुढे बसली होती. तिने ऐकलं. मला त्याचा असा राग आला की मी उठून बाहेर गेले. ज्या पानांसाठी मी वर्षभर खोटं बोलले, ज्यांनी आण्णांना बेल्ह्याच्या बाजारात हिंडवलं, ती ह्याने वाचलीच नव्हती.

आई पाठोपाठ आली. म्हणाली, "बरं झालं की गं. वाचली असती तर तिकडं झुरला असता."

मग ती सकाळी त्याच्यासोबत द्यायच्या डब्याचं बघायला आत गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो निघाला. आण्णा स्टँडपर्यंत सोडायला गेले. दोघांनी वाटेत काय बोलणं केलं ते त्यांनाच ठाऊक. आण्णा परतले तेव्हा एवढंच म्हणाले की, गुढीपाडव्याला येतो म्हणाला. आणि तो आलाही. नंतरही वर्षातून एक-दोनदा येत राहिला, लग्न झाल्यावर बायकोला घेऊन. आण्णा गेले तेव्हा वेळेवर पोचला. तक्रार करावी असं काही नव्हतं.

पण त्या पहिल्या खेपेला, त्याची बस गेल्यावर, आईने ताटल्या आवरल्या, हात धुतले, आणि मला म्हणाली, "दमले गं मी." भर दुपारी तिला आडवं झालेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. बाळंतपणातसुद्धा ती दिवसा झोपली नव्हती, असं आत्या सांगायची. त्या दिवशी ती मधल्या खोलीत, चटईही न टाकता, भुईवर हाताची उशी करून झोपली. शेजारची बाई ताक मागायला आली तिला मी दारातूनच परत पाठवलं आणि उंबऱ्यावर बसून राहिले. आई दिवेलागणीपर्यंत उठली नाही.