कानाने मोजलेला पंप

रेषाकाका : जन्म १९४६, मृत्यू २०१९. व्यवसाय : पाट्या व भिंती रंगवणे. त्यांचे खरे नाव सरकारी कागदांपलीकडे फारसे कुणी उच्चारले नाही. तीन हात लांबीची रेघ पट्टीवाचून, श्वास रोखून, एका दमात ओढणारा माणूस म्हणून धंद्यातल्या लोकांनी ठेवलेले नावच त्यांना कायमचे चिकटले.

अशा माणसाला अठ्ठावन्नाव्या वर्षी दमा जडला. डॉक्टरांनी दोन पंप दिले. तपकिरी पंप रोजचा : बरे वाटत असले तरी सकाळी दोन फवारे, संध्याकाळी दोन, कारण तो श्वासनळ्यांची सूज उतरवतो आणि त्याचे काम सावकाश चालते. निळा पंप अडीअडचणीचा. दम लागला तरच. तपकिरी पंपात स्टेरॉइड आहे हे ऐकून काकांचा चेहरा उतरला. तेव्हा डॉक्टरांनी समजावले, की मात्रा अल्प असते व ती थेट फुफ्फुसात जाते. मात्र फवारा घेतल्यावर दर वेळी खळखळून चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात पांढरा बुरा धरतो, आवाजही बसतो. आणि आपल्या मनाने औषध बंद करायचे नाही. काकांनी हे सारे कामाच्या ऑर्डरीसारखे वहीत उतरवले व तंतोतंत पाळले. पुढली चार वर्षे छातीने कुरकूर केली नाही.

रंगाऱ्यांची एक जुनी रीत आहे. डब्याच्या पाठीवर आतल्या रंगाचे बोट ओढून ठेवायचे, म्हणजे अंधाऱ्या कोठीतही घोटाळा होत नाही. नवा पंप घरात आला, की काका त्याच्याही पाठीवर ऑइलपेंटचे एक रुंद बोट ओढत. शिवाय डब्यात माल किती उरला हे पाहण्यासाठी त्यांना झाकण उघडावे लागत नसे. कानाशी धरून हलवला, की झाले. पूर्वी सून दर दीड महिन्याला नवा पंप आणून जुना टाकून देई. ती परगावी राहायला गेली, आणि जुना कधी टाकायचा हा निर्णय काकांच्या कानाकडे आला.

बासष्टाव्या वर्षी त्यांनी फर्निचरच्या एका कारखान्याची तीन मजली भिंत घेतली. नऊ अक्षरे लिहायची होती व शनिवारी उद्घाटन होते. मंगळवारपर्यंत चार अक्षरे झाली, आणि काका एका जागी टिकेनासे झाले. खुर्चीत बसले की छातीवर कुणी फळी दाबून धरल्यासारखे वाटे, म्हणून उठत. उठले की खिडकी उघडत, धूळ येते म्हणून लावत, जीव गुदमरतो म्हणून पुन्हा उघडत. पाच अक्षरे डोळ्यांपुढून हलत नव्हती.

"अहो, जरा टेका की! फरशी झिजेल," बायको म्हणाली.

"टेकलो की दम लागतो."

"आणि निळा पंप? सकाळपासून चौथ्यांदा ओढलात."

"मोजत बसलीस काय? तपकिरी अंगवळणी पडलाय, आता गुण देत नाही. उद्यापासून चार-चार ओढतो, नाहीतर सोडूनच देतो."

"दोन्ही तुम्हीच ठरवणार! मग डॉक्टरांनी काय, पाट्या रंगवायच्या?"

बुधवारी सकाळी काका परांचीवर चढले. पाचव्या अक्षराचा काना अर्ध्यावर आला आणि खोकल्याने हात हलला. कारखान्याचे फाटक रंगवणारा डावरा खालून ओरडला, "काका, काना काढलात की गांडूळ?"

हा डावखुरा रंगारी वयाने वीस वर्षांनी लहान होता आणि दोघांचे कधी पटले नव्हते.

"तोंड... आवर... डाव..." काकांना शिवीही पुरी करता येईना. एकेका पायरीवर थांबत ते उतरले. डावऱ्याचे हसू मावळले. "दवाखान्यात चला," तो म्हणाला. काकांनी हात झटकला. "चला म्हणतो ना! भिंत पळून जात नाही."

दवाखान्यात वाफारा दिल्यावर श्वास जरा मोकळा झाला. मग सिस्टर म्हणाली, "तपकिरी पंप कसा घेता, दाखवा बरं."

काकांनी पंप हलवला, श्वास सोडला, फवारा सावकाश आत ओढला आणि दहा आकडे मोजेपर्यंत श्वास रोखला.

"पैकीच्या पैकी मार्क! किती उरलाय यात?"

काकांनी पंप कानाशी हलवला. "निम्मा असेल."

सिस्टरने पंप उलटा केला, पाठीवरचा रंग चमच्याच्या दांड्याने खरवडला. खाली एक इवलीशी खिडकी होती आणि तिच्यात शून्य होते.

"उघडला कधी होता?"

"भिंतीचा इसार घेतला त्या दिवशी. पासष्ट दिवस झाले."

"यात दोनशे फवारे असतात. दिवसाला चार, म्हणजे पन्नासाव्या दिवशी हिशेब संपला. त्यापुढं खळखळतो तो गॅस. फवारा उडतो, पण औषधाचा भरवसा नाही."

"म्हणजे पंधरा दिवस मी चुळा भरल्या, त्या..."

"फुकट!" डावरा दारातून म्हणाला.

काका ताडकन उठले. "नवा द्या. दहा फवारे ओढतो आणि दुपारी चढतो."

"हे औषध दुपारभरात कुणाला भिंतीवर चढवत नाही," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "गोळ्या पाच दिवस. तपकिरी पंप पूर्वीइतकाच. पंधरवडाभर परांची बंद, ऑइलपेंटचा वासही नको. निळ्यानं आराम पडला नाही किंवा बोलताना धाप लागली, तर घरी वाट बघायची नाही, तडक इथं यायचं."

काका बाकावर बसले, उठले, दारापर्यंत जाऊन परत आले. एकेचाळीस वर्षांत त्यांनी एकही भिंत अर्धी टाकली नव्हती. शेवटी डावऱ्याकडे न पाहता ते म्हणाले, "पाच अक्षरं तुझी. पण जाडी बिघडवलीस तर..."

"तुमची जाडी पाठ आहे मला. बारा वर्षं चोरतोय."

शनिवारी सकाळी भिंत पुरी झाली. काका वाऱ्याच्या बाजूला, रस्त्यापलीकडे उभे होते. भिंतीच्या कोपऱ्यात रंगाऱ्याने नाव घालायचे असते. डावऱ्याने वरून विचारले, "कुणाचं घालू?"

"चारापेक्षा पाच जास्त," काका म्हणाले, आणि घराकडे वळले.

त्यानंतर काका एका मजल्यापेक्षा उंच कधी चढले नाहीत. पंपाच्या पाठीवर रंग लागला नाही. उघडल्याची व टाकण्याची तारीख मात्र खोक्यावर सुवाच्य अक्षरांत असे. ते आणखी अकरा वर्षे जगले, आणि त्यांच्या मृत्यूत दम्याचा काही हात नव्हता.

राहून गेली ती दवाखान्याला कबूल केलेली पाटी. 'पंप हलवून अंदाज करू नका, खिडकीतला आकडा पाहा,' एवढाच मजकूर. पण काका तो सारखा खोडत, नव्याने लिहीत व पुन्हा खोडत. त्यांच्या पश्चात डावरा रंग घेऊन घरी आला आणि कोणता मजकूर घालू, असे त्याने विचारले. बायकोने सतरा कागद त्याच्यापुढे ठेवले.

"यातला एकही त्यांनी पास केला नव्हता," ती म्हणाली. "तूच बघ बाबा."